कौटुंबिक वेदी आणि घरातली बाई

आपल्या चळवळीनं सणावारांवर लिहायचं काही बाकी ठेवलेलं नाही. हळदीकुंकवाला विधवेला का बोलवत नाहीत, वटसावित्रीला दोरा का गुंडाळायचा, गौरी-गणपतीत बाई चार दिवस ओट्यापाशीच का उभी, यावर शिबिरं झाली, पथनाट्यं झाली, विशेषांक निघाले. ख्रिस्ती घर मात्र या चर्चेत आलं नाही. आलंच तर ‘तुमच्यात हे नसतं ना, बरंय बाई’ एवढ्यापुरतं. मैत्रिणींचा समज असा, की ख्रिस्ती बाई म्हणजे नर्स नाहीतर शिक्षिका. तिला उपास नाहीत, सोवळं नाही, तिचं घर मिशनऱ्यांनी केव्हाच सुधारून दिलेलं. आणि आमच्या समाजातल्या पुढाऱ्यांचाही नेमका हाच समज आहे.

हे सुधारलेलं घर कायद्यात कसं होतं ते बघा. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये हा भेद मोडून काढला आणि संसदेला कायदा बदलायला २००१ साल उजाडलं. म्हणजे माझ्या आईच्या पिढीनं सगळा संसार त्या जुन्या कायद्याखाली केला. आणि लग्नात हळद आमच्याकडंही लागते. मंगळसूत्रात क्रूस असतो खरा, पण हळद लावायला पुढं बोलावतात त्या सवाष्णीच. विधवा चुलती मागं भिंतीला टेकून गाणं म्हणते.

आता मूळ मुद्द्यावर येते. गेल्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, जिल्ह्यातल्या एका मंडळीत (चर्चच्या समाजाला आम्ही मंडळी म्हणतो) लहान मुलांच्या आईबापांची बैठक झाली. माझी मुलगी चार वर्षांची, म्हणून मीही गेले. विषय होता, ख्रिस्ती घरात परंपरा सुरू करा. मूल लहान आहे तोवर जे सुरू कराल तेच त्याच्या अंगवळणी पडेल, असं सांगितलं गेलं, आणि ते मला पटतं. एक छापील कागद वाटला. तो इंग्रजीतून उतरवलेला असावा, कारण त्यात जेवणाच्या टेबलावर सदाहरित पानांचं कडं करून चार मेणबत्त्या लावायला सांगितलं होतं. जालन्यात डिसेंबरात हिरवं म्हणाल तर कडुनिंब नाहीतर मोसंबी. तेही चालेल, पानांवरून माझं भांडण नाही. भांडण आहे ते क्रियापदांवरून. त्या कागदावर बाप वाचतो, बाप प्रार्थना करतो, बाप आशीर्वाद देतो. आई तयारी करते, आई सजवते, आई मुलांना वेळेवर आणून बसवते, आई वातावरण निर्माण करते. रोज संध्याकाळी घरात जी उपासना व्हावी तिला ‘कौटुंबिक वेदी’ म्हणतात, आणि या वेदीचा याजक बाप, असं ठळक अक्षरात छापलं होतं. बैठकीला आलेल्या तेवीस जणांत बाप होते चार.

आमच्याकडचा नाताळ म्हणजे दिवाळीचंच सगळं, फक्त महिना वेगळा. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, वर केक आणि नानकटाई. नानकटाईचं साहित्य घरून नेऊन बेकरीत भाजून आणायचं, तिथं रात्री अकरा-अकरापर्यंत नंबर लावून बसायचं ते बायकांनी आणि पोरींनी. घराला रंग, मुलांचे कपडे, धुणं. चांदणी लावायला मात्र घरातला पुरुष शिडीवर चढतो. दहा मिनिटांचं काम, पण रस्त्यावरून दिसतं तेवढं तेच. २५ तारखेला सकाळी उपासना आणि दुपारी पंधरा-वीस पाहुण्यांचं मटण. बाई उपासनेला पोचते तेव्हा दुसरं गीत संपत आलेलं असतं. आणि उपदेशात हमखास तिच्यासाठी मार्था आणि मरिया निघतात. येशू घरी आला तेव्हा मार्था स्वयंपाकात गुंतली आणि तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, तशा बायांनो, तुम्हीही मरिया व्हा. बरं. पण त्या दोघींना लाजर नावाचा भाऊ होता. त्याला उठून चुलीपाशी जा म्हणणारा उपदेश मी तीस-पस्तीस वर्षांत ऐकलेला नाही.

ही झाली शहरातली, पगाराची घरं. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागात मी कामाला फिरते. तिथली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघून जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल घेतो नवरा. त्यांत आमची ख्रिस्ती माणसंही असतात. त्यांचा प्रत्येक नाताळ कारखान्याच्या तळावर, कोपीत येतो. त्या कागदातलं टेबल तिथं कुठं ठेवायचं? एका बाईनं मला सांगितलं, की ती वाढ्याच्या काड्या बांधून चांदणी करते आणि कोपीच्या तोंडाशी लावते. पहाटे चारला फडात जावं लागतं, तेव्हा बाळ येशूची गोष्ट थोरली पोरगी धाकट्याला सांगते. थोरली म्हणजे आठ वर्षांची. ‘ताई, कारखान्यात ऊस टाकतात ती बी गव्हाणच अन् देवाचं लेकरू ठेवलं ती बी गव्हाणच,’ असं म्हणून ती हसली.

या गोष्टीवर कुणी गहिवरून लेख लिहू नये. आठ वर्षांची पोरगी डिसेंबरात शाळेत हवी, धाकट्याला सांभाळत कोपीत नको. पण परंपरा कुणी सुरू केली आणि कोण चालवतं, हे विचारायचं असेल तर या घरात याजक कोण, ते स्पष्ट दिसतं.

आता ज्या गोष्टीबद्दल त्या बैठकीत कुणी चकार शब्द काढला नाही, तिच्याकडं येते. जालन्यातली मंडळी बहुतांशी मांग-महारांची. आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तो माणूस म्हणून वागवतात म्हणून. स्वतंत्र भारतात १९५० चा अनुसूचित जाती आदेश निघाला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. पाणवठ्यावर आमची जात कुणी विसरलं नाही, फक्त दाखल्यावरून ती गेली. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये हा परिच्छेद काढून टाका असं सांगितलं, ते अमलात आलं नाही. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला.

याचा घरात अर्थ काय होतो, ते बायकांना विचारा. आमच्याच खानदानात दोन्ही प्रकार आहेत. माझ्या वडिलांनी शाळेत ‘ख्रिश्चन’ लिहिलं. त्यांच्या चुलतभावानं ‘हिंदू मांग’ लिहिलं. चुलत्याच्या घरात सरकारी नोकरी आली आणि एक नियमही आला, की मंडळीतलं नाव शाळेत सांगायचं नाही. शाळेत एक नाव, संडेस्कूलमध्ये दुसरं. हा नियम पोरांना कोण शिकवतं? आई. चार वर्षांच्या लेकराच्या जिभेला वळण लावायचं काम आईचंच. ‘बाईंनी विचारलं नाताळाला काय केलं, तर सांगायचं मामाच्या गावाला गेलो होतो.’ हीसुद्धा एक कौटुंबिक परंपराच आहे. मराठवाड्यात ती तीन पिढ्या चालू आहे आणि कुठल्याही छापील कागदावर ती नाही. पोरगं चुकून बोललं तर मार आईच्या हातचा, आणि आईला बोल बापाचे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुद्दुचेरीतल्या एका तरुणीचा दावा फेटाळला. तिला अनुसूचित जातीचा दाखला हवा होता, ती स्वतःला हिंदू म्हणत होती. तिच्याविरुद्ध जे पुरावे धरले गेले त्यांत तान्ही असताना झालेला तिचा बाप्तिस्माही होता. मनापासून श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, असं न्यायालयानं म्हटलं. निकाल बरोबर की चूक, हा वकिलांचा वाद मी इथं घालत नाही. मला दिसतं ते एवढंच, की बाळाच्या कपाळावर पाणी घालण्याचा जो सोहळा आम्ही नवी बाळंती, नवं झबलं, फोटो आणि जेवण यांत साजरा करतो, त्याची नोंद पंचवीस-तीस वर्षांनी त्याच मुलीपुढं कोर्टात ठेवली जाऊ शकते. हे पाळकसाहेब आईबापांना बाप्तिस्म्याआधी सांगतात का? बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात सैतानाचा त्याग येतो, तिसरा परिच्छेद येत नाही.

काही बौद्ध मैत्रिणी मला म्हणतात, तुमच्या लोकांनी बाबासाहेबांबरोबर यायचं होतं. त्यांच्या म्हणण्यातली कळकळ मला कळते. पण १९५६ ला धर्मांतर केलेल्या त्यांच्या आईबापांनाही केंद्राच्या सवलतीसाठी १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं भांडावं लागलं. त्या चौतीस वर्षांत त्यांच्याही कितीतरी घरांतून दाखल्यावर एक आणि भिंतीवर एक असं चाललं होतं, आणि तिथंही पोरांना समजावणारी आईच होती. मग या गोष्टीवर आपण दोघी मिळून का लिहीत नाही?

मुलाच्या धर्मावरून झालेली भांडणं आपल्याकडं जुनी आहेत. जालन्याच्या मंडळीचा इतिहास सांगताना रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं नाव पहिलं घेतात. निजामाच्या राज्यात सालारजंगांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, मांगांमध्ये काम केलं. ते स्वतः ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा बारा वर्षांच्या आसपासचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडं राहत होता. बाप कोर्टात गेला आणि कोर्टानं अज्ञान मुलगा म्हणून त्याला बापाच्या ताब्यात दिलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईत वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं अशी बाजू मांडली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. बाप, मिशनरी, न्यायाधीश, शास्त्री, संपादक असे सगळे मिळून एका पोराचं काय करायचं ते ठरवत होते. आई त्या खटल्यात पक्षकार नव्हती.

आई पक्षकार झाली ती चाळीस वर्षांनी. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला. त्यानंतर मनोरमेला काय शिकवायचं यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात जी पत्रं गेली-आली ती १९७७ पासून छापील पुस्तकात आहेत. ज्याबद्दल आईची स्वतःची खात्री झालेली नाही ते लेकीच्या गळी उतरवायचं नाही, ही रमाबाईंची अट होती. लेक आपल्या माणसांत त्यांच्यातलीच एक म्हणून वाढावी, परकी किंवा वरचढ होऊन नव्हे, असा त्यांचा आग्रह. त्या अंडं घातलेलं गोडही खात नसत, आणि तेही मठात खटके उडायला पुरेसं होतं. रमाबाईंच्या शाकाहाराशी मला देणंघेणं नाही, आमच्या घरी मटण शिजतं आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण परक्या देशात, दुसऱ्याच्या छपराखाली राहून, ‘माझ्या मुलीच्या धर्मशिक्षणात माझं मत चालेल’ असं एका विधवा आईनं लेखी कळवलं होतं, हे महत्त्वाचं आहे. आमच्या मंडळ्यांच्या हॉलमध्ये रमाबाईंचा फोटो असतो. मुक्तिसदन सांगतात, दुष्काळातल्या पोरी सांगतात, बायबलचं भाषांतर सांगतात. सिस्टरशी घातलेला वाद कुणी सांगत नाही. तो सांगितला तर सुना वाद घालायला शिकतील.

आपल्या गटातल्या काही जणी म्हणतील, कशाला हवी ती वेदी, धर्मच सोडून दे. मी त्यांच्या मताचा आदर करते, पण माझ्या जिल्ह्यात मला ते उपयोगाचं वाटत नाही. घरात तुम्ही काही सुरू केलं नाही म्हणून ती जागा रिकामी राहत नाही. तिथं आजोबांची प्रार्थना येते, टीव्हीवरचा उपदेशक येतो, मुलगी झाली म्हणून गप्प झालेली आत्या येते. आणि मला स्वतःला विश्वास आहे. तो माझा आहे, कुणाच्या याजकपणातून मिळालेला नाही.

आमच्या घरी आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते. संध्याकाळी प्रार्थना पाळीपाळीनं होते आणि सुरुवात सगळ्यांत लहान असते तिच्यापासून. परवा तिनं गल्लीतल्या कुत्रीच्या पिल्लांसाठी पाच मिनिटं प्रार्थना केली, भाजी करपली, चाललं. नाताळच्या करंज्या नवरा लाटतो. पहिल्या वर्षी सासूबाई पाठ फिरवून बसल्या. ‘लेकराच्या बापाला पीठ मळाया लावतीस? लोकं काय म्हणतील?’ मी म्हटलं, ‘आत्या, तुमच्या पायाला सूज आहे, तुम्ही बसून शिकवा त्यांना.’ त्यांनी शिकवलं, आणि त्याच्या करंज्या फुटतात हे साऱ्या गल्लीत सांगितलंही. चांदणी मुलगी आणि मी लावतो. शिडी धरायला नवरा असतो.

आणि २४ तारखेच्या रात्री सासूबाई त्यांची गोष्ट सांगतात. हे ठरवायला मला दोन वर्षं लागली, कारण त्यांना वाटायचं यात सांगण्यासारखं काय आहे. त्यांच्या आजीला गावात पाणी वरून ओतून मिळायचं, मिशनच्या दवाखान्यात पहिल्यांदा कुणीतरी तिची नाडी हात लावून बघितली, आणि नंतर मंडळीतही काही घरं वेगळ्या पंक्तीला बसत होती, हे सगळं. शेवटचं सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो, पण सांगतात. मुलीला ‘मांग’ हा शब्द पहिल्यांदा तिच्या आजीच्या तोंडून कळला, शाळेतल्या शिवीतून नाही. थोडी मोठी झाली की तिला मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवणार आहे. फुल्यांच्या शाळेतल्या या मांगाच्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये छापला तो ज्ञानोदयनं, म्हणजे मिशनच्याच पत्रानं. आमच्या संडेस्कूलच्या पुस्तकात मात्र तिला जागा नाही.

येत्या जूनमध्ये मुलीचं नाव पहिलीत घालायचं तेव्हा फॉर्मवर धर्म आणि जात असे दोन रकाने असतील. नवरा म्हणतो ‘ख्रिश्चन’ लिहू, सासूबाई म्हणतात पोरीच्या पोटावर पाय देऊ नका. दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि असं दोघांचंही खरं ठरावं अशी व्यवस्था १९५० साली कुणीतरी करून ठेवली आहे. माझं मत ‘ख्रिश्चन’ लिहावं असं आहे, कारण मुलीला खोटं बोलायला शिकवण्याचं काम मी करणार नाही. पण हे मत मी नोकरी असलेली बाई म्हणून ठेवू शकते. कोपीतल्या बाईनं दुसरं काही लिहिलं तर तिला खोटी म्हणायचा अधिकार ना मला आहे, ना व्यासपीठावरून ‘साक्ष द्या’ म्हणणाऱ्यांना. त्या साक्षीची फी कोण भरतं ते त्यांनी आधी बघावं.

या आगमनकाळात पुन्हा बैठक आहे. आम्ही सात जणी तिथं लेखी मागणी देणार आहोत. बाप्तिस्म्याआधीच्या वर्गात तिसरा परिच्छेद आणि २०२४ चा निकाल आईबापांना समजावून सांगावा, आणि तो आईच्या हजेरीत सांगावा. मंडळीनं या परिच्छेदाविरुद्ध ठराव करून आमदार-खासदारांकडं पाठवावा. नाताळच्या दुपारच्या जेवणाची जबाबदारी पुरुषांच्या संघाकडं द्यावी. तळावर गेलेल्या कुटुंबांसाठी डिसेंबरात कुणीतरी कारखान्यावर जावं, आणि जाताना मेणबत्त्यांऐवजी पोरांच्या शाळेचं काय झालं याची वही न्यावी. पाळकसाहेबांना मी तोंडी कल्पना दिली. ते म्हणाले, ‘ताई, बाकीचं बघू, पण जेवणाचं पुरुषांना कसं सांगायचं?’